बालगृहाचा बिगूल : लुई आर्मस्ट्राँग यांची घडण

१ जानेवारी १९१३. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरातील बाल न्यायालयासमोर अकरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा उभा करण्यात आला. आदल्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात त्याने आईच्या सोबत्याचे पिस्तूल भररस्त्यात झाडले होते. पिस्तुलात गोळ्या नव्हत्या, नुसते आवाजाचे बार होते. त्या रात्री शहरात असे बार जागोजागी उडत होते. परंतु पोलिसाच्या हाती लागला तो हा मुलगा. १९१० मध्येही त्याला इतर काही मुलांबरोबर पकडण्यात आले होते. त्यामुळे वर्तमानपत्रातील लहानशा बातमीत अकरा वर्षांचा हा पोर जुना गुन्हेगार ठरला. न्यायालयाने त्याची रवानगी कृष्णवर्णीय निराधार मुलांच्या बालगृहात केली. किती दिवसांसाठी, हे सांगितले नाही.

पुढे ज्यांच्या कॉर्नेटने आणि ट्रम्पेटने जॅझ संगीताला नवे वळण दिले, ज्यांचा घोगरा, उबदार आवाज साऱ्या जगाने ओळखला, ते लुई आर्मस्ट्राँग ते हेच. त्यांच्या कीर्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते त्या दीड वर्षाविषयी, जे त्यांनी बालगृहाच्या भिंतीआड काढले, आणि तेथून बाहेर पडल्यावर त्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसांविषयी. वसतिगृहात वाढलेल्या वाचकांना त्यातील काही गोष्टी अगदी ओळखीच्या वाटतील.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा. स्वतः ते आयुष्यभर ४ जुलै १९०० हीच आपली जन्मतारीख मानत राहिले. खरी तारीख त्यांच्या मृत्यूनंतर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडली. गरिबाघरच्या मुलांच्या जन्मतारखा कशा लिहिल्या जातात, हे आपल्याकडील जुन्या शाळांची दाखल-खारीज पुस्तके चाळणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. लुई जन्मला त्या सुमारासच वडील घर सोडून दुसरा संसार थाटून बसले. आई मेयॅन स्वतःच कोवळ्या वयाची होती. पहिली काही वर्षे लुईला आजी जोसेफीनने वाढविले. नंतर तो आई आणि धाकटी बहीण बिआट्रिस यांच्याजवळ राहावयास गेला. त्या भागात दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि शरीरविक्रय यांवर लोकांची पोटे चालत. चाकू-पिस्तुलांच्या रोजच्या मारामाऱ्यांमुळे जवळच्या एका वस्तीला लोक रणांगण म्हणत. मेयॅन मिळेल ते काम करी. त्यातील काही कामे तिने मुलांपासून लपविली असावीत. मुलगा मोठा झाल्यावर त्याने आईला कधी दोष दिला नाही, आणि आपणही देऊ नये.

याच शहरात १८९२ साली होमर प्लेसी या गृहस्थाने गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसून अटक ओढवून घेतली होती. त्याच्या खटल्यात १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे, वेगळ्या जागा कायदेशीर ठरविल्या. म्हणजे लुई जन्मला तेव्हा वेगळेपणाला देशातील सर्वांत मोठ्या न्यायासनाचे पाठबळ होते. वेगळे पाणवठे आणि वर्गाबाहेरचे गोणपाट ज्यांच्या घरातील आठवणींत आहेत, त्यांना त्या जगाची कल्पना सहज यावी.

अशा परिस्थितीत सात-आठ वर्षांच्या या मुलाला पहिला आधार दिला तो कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाने. लिथुआनियातून आलेली ही माणसे स्वतःच निर्वासितासारखी जगत होती. भंगार आणि बाटल्या गोळा करणे, कोळसा विकणे हा त्यांचा धंदा. लुई त्यांच्या गाडीवर बसून पत्र्याचा भोंगा वाजवी. भोंग्याच्या आवाजाने मुले रिकाम्या बाटल्या घेऊन धावत येत. संध्याकाळी हे कुटुंब त्याला आपल्याबरोबर जेवू घाली. गहाणवटीच्या दुकानातील एक जुना कॉर्नेट घेण्यासाठी त्यांनी त्याला पैसे उसने दिले, असे आर्मस्ट्राँग यांनी १९६९ साली, आजारपणात, लिहून ठेवले आहे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचे आखूड भावंड. वरातीच्या बँडमध्ये अशी पितळी वाद्ये आपण पाहतो. परंतु शिकवणारे कोणी नव्हते. शाळा मध्येच सुटत होती. चार पोरांचा कंपू करून रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणे म्हणावयाचे, पडतील ती नाणी वेचून घरी न्यावयाची, असा क्रम चालू होता. त्या ३१ डिसेंबरच्या रात्रीही तो अशाच गाण्याच्या फेरीवर निघाला होता.

ज्या बालगृहात त्याला पाठविले, त्याची जन्मकथा मोठी बोलकी आहे. त्यापूर्वी या शहरात पकडलेल्या कृष्णवर्णीय मुलांना प्रौढ कैद्यांबरोबरच कोंडले जाई. ही गोष्ट असह्य होऊन जोसेफ जोन्स या कृष्णवर्णीय माजी सैनिकाने आणि त्याची पत्नी मॅन्युएला हिने शहराच्या कडेला हे गृह उभे केले. पैसा तुटपुंजा, इमारत साधी. कॅप्टन जोन्स या नावाने ओळखला जाणारा हा माणूस लष्करी शिस्तीचा. मुलांना पहाटे बिगुलाने उठविले जाई. लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत होई. मग अंघोळ, फरशी घासणे, बागकाम, लेखन, वाचन, गणित. जेवणाचा बिगूल, झोपण्याचा बिगूल. हे काही सुखाचे स्थान नव्हते. फटके मारले जात, पळून जाणाऱ्याला तर फारच कठोर शिक्षा होई. आज कोणतीही संस्था असे करील तर ते आपण खपवून घेणार नाही. तरीही एक फरक होता. हे गृह चालविणारी माणसे त्या मुलांच्याच समाजातील होती, आणि या मुलांचे काही होऊ शकते असा त्यांचा विश्वास होता. तुरुंगाच्या कोठडीत हा विश्वास मिळत नव्हता.

पहिले तीन दिवस लुई जेवला नाही. पांढऱ्या घेवड्याचे कालवण ताटात आले की तो ताट परत सारी. चौथ्या दिवशी भुकेने अभिमानावर मात केली आणि तो पंगतीत सर्वांच्या आधी जाऊन बसला. वसतिगृहातील पहिल्या आठवड्याच्या रडारडीची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा प्रसंग वाचून हसू येईल. बाहेरच्या मोकळ्या हवेत हनीसकल नावाच्या वेलीचा सुगंध दरवळत असे. त्या वासाची आठवण लुईच्या मनात पुढे कायम राहिली.

गृहात पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक मुलांचा वाद्यवृंद चालवीत. लुईचे मन त्या वृंदाकडे ओढले जाई. परंतु डेव्हिस यांना तो मुळीच आवडत नव्हता. तो कोणत्या वस्तीतून आला आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या वस्तीची मुले सुधारत नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत होती. बारीकसारीक चुकीसाठी ते त्याच्या हातांवर छड्या ओढीत. समाजासाठी झिजणाऱ्या माणसाच्या मनातही वस्तीचा, आडनावाचा, घराण्याचा असा पूर्वग्रह दडलेला असतो, हे नाकारून चालणार नाही. डेव्हिस यांचे मोठेपण असे की, त्यांनी मुलाकडे पाहणे सोडले नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले. हा मुलगा भांडत नाही, कामचुकारपणा करीत नाही, तालमीच्या वेळी कोपऱ्यात बसून कान देऊन ऐकतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग एके दिवशी त्यांनी त्याला वृंदात येण्याविषयी विचारले.

लुईला कॉर्नेट हवा होता. हाती आली ती खंजिरी. त्याने तक्रार न करता खंजिरी वाजविली. तिच्यावरचा त्याचा ताल पाहून डेव्हिस यांनी त्याला ड्रमवर घेतले. नंतर आल्टो हॉर्न. हे वाद्य मुख्य सूर वाजवीत नाही, दुसऱ्यांच्या सुराला आधार देते. त्यावर बसल्याने लुईचा कान तयार झाला. पुढे बिगूल वाजविणारा मुलगा गृहातून सुटला आणि ते काम लुईकडे आले. कळकट झालेला तो बिगूल त्याने आधी घासून-पुसून लखलखीत केला. आता ज्याच्या सुरावर सारी मुले उठत, जेवत आणि झोपत, तो सूर लुईच्या ओठांतून निघू लागला. एका उनाड पोरावर सगळ्या घराचे वेळापत्रक सोपविण्याची ही युक्ती जोन्स-डेव्हिस यांना कशी सुचली असेल, याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्यानंतर कॉर्नेट, आणि कॉर्नेटनंतर वृंदाचे नायकपद. नायकाचा गणवेश इतरांहून थोडा वेगळा, सायीच्या रंगाचा असे. प्रत्येक पायरीवर त्याला थोडे अधिक सोपविले गेले, आणि सोपविलेले त्याने निभावले की पुढची पायरी मिळाली.

आपल्या आजे-पणज्यांच्या पिढीत अनेकांच्या हाती वाद्य आले ते गावकीचे ओझे म्हणून. वाजविणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. तेथे वाद्य खाली ठेवण्यातच स्वाभिमान होता, आणि आपल्या लोकांनी तो दाखविला. लुईच्या हाती वाद्य आले ते विद्या म्हणून, गुरूच्या हातून, परीक्षा घेऊन. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या तर त्याच्या आनंदाचे स्वरूप नीट कळते. आणखी एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. हा मुलगा बालगृहात होता त्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. एकाच देशाच्या दोन टोकांना, समाजाने खालचे ठरविलेल्या दोघांचे शिक्षण त्या वर्षी चालू होते. दोघांना एकमेकांचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते.

बालगृहाचा वाद्यवृंद अधूनमधून शहरात मिरवणुकीने वाजवीत फिरत असे. एकदा ही मिरवणूक लुईच्या वस्तीत शिरली. जुगारी, गुत्तेवाले, रस्त्यावर उभ्या असणाऱ्या बायका, सारी वस्ती बाहेर येऊन पाहू लागली. पुढे चालणारा, कॉर्नेट फुंकणारा नायक हा मेयॅनचा पोर आहे, हे त्यांना प्रथम खरेच वाटेना. कोणीतरी धावत जाऊन झोपलेल्या मेयॅनला उठवून आणले. लोकांनी इतके पैसे दिले की, मुलांच्या टोप्या नाण्यांनी भरून गेल्या. त्या पैशांतून सबंध वृंदाला नवे गणवेश आणि नवी वाद्ये घेता आली. ज्या वस्तीच्या नावावरून डेव्हिस यांनी त्याला आधी दूर ठेवले होते, त्याच वस्तीच्या पैशांनी गृहाची वाद्ये नवी झाली.

जून १९१४ मध्ये लुई सुटला. त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. ज्या बापाने कधी वळून पाहिले नव्हते, त्याच्या घरी सावत्र भावंडांना सांभाळणे आणि स्वयंपाक करणे हे काम त्याच्याकडे आले. काही काळाने तो आईकडे परतला. येथून पुढची वर्षे महत्त्वाची आहेत, कारण बालगृहाने केलेले काम याच काळात वाया जाऊ शकले असते. वस्ती तीच होती, गुत्ते तेच होते, आणि पोटासाठी पैसा लागत होता. दिवसा तो खेचराच्या गाडीवर कोळसा वाहून नेई; एका गाडीमागे पंधरा सेंट मिळत. रात्री गुत्त्यांतून कॉर्नेट वाजवी. चुलत बहीण फ्लोरा बाळंतपणानंतर मरण पावली, तेव्हा तिच्या तान्ह्या क्लॅरेन्सचा भारही या चौदा वर्षांच्या मुलाने उचलला. पुढे त्याने क्लॅरेन्सला दत्तक घेतले आणि अखेरपर्यंत सांभाळले.

या काळात त्याला हात दिला तो जो ऑलिव्हर यांनी. शहरातील नामांकित कॉर्नेटवादकांत त्यांची गणना होई. लुई त्यांच्या पत्नीची बाजारहाटाची कामे करून देई. मोबदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवीत, घरी जेवू घालीत. आपला एक जुना कॉर्नेटही त्यांनी त्याला दिला. १९१८ साली ते शिकागोला निघून गेले, तेव्हा किड ओरी यांच्या वृंदातील त्यांची जागा लुईला मिळाली. त्यानंतर मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींवर फेट मेरेबल यांच्या वृंदात तो वाजवू लागला. तोवर तो मुख्यतः कानाने वाजवीत होता. कागदावरचे स्वरलेखन अस्खलितपणे वाचावयास तो येथे शिकला. बालगृहात मिळालेली शिस्त बोटीवर उपयोगी पडली, आणि बोटीवर मिळालेली विद्या पुढे जगभर.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये ऑलिव्हर यांची तार आली आणि लुई शिकागोला गेला. येथून पुढे हा मुलगा राहिला नाही, आर्मस्ट्राँग झाला. १९२३ साली त्यांच्या वादनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९२५ ते १९२८ या काळात हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या नावांनी त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रिकांनी जॅझचे रूपच पालटले. तोवर या संगीतात सर्व वादक एकत्र सूर विणीत. आर्मस्ट्राँग यांनी एकट्या वादकाच्या कल्पनाविलासाला मध्यभागी आणले. शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांनी गाण्याची रीतही त्यांच्यामुळे लोकप्रिय झाली. त्यांच्या संगीताचा सविस्तर विचार जाणकारांनी केला आहे. आपण पुन्हा न्यू ऑर्लिन्सकडे वळू.

१९३१ च्या उन्हाळ्यात ते नामवंत होऊन आपल्या शहरात परतले. ज्या सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले, तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांचे आप्त, शेजारी, जुने मित्र बाहेर नदीच्या बांधावर बसून खिडक्यांतून येणारे सूर ऐकत. रेडिओवरील गोऱ्या निवेदकाने त्यांची ओळख करून देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःची ओळख करून दिली. याच मुक्कामात ते बालगृहात गेले. कॅप्टन जोन्स आणि पीटर डेव्हिस अजून तेथेच होते. तेथील नव्या मुलांबरोबर आणि आपल्या दोन्ही गुरूंबरोबर त्यांनी छायाचित्र काढून घेतले.

त्यांचे आयुष्य आदर्शांच्या तसबिरीत बसविण्यासारखे नव्हते. चार विवाह झाले. गांजाचा नाद त्यांना अखेरपर्यंत होता, आणि त्यापायी १९३० साली त्यांना पुन्हा अटकही झाली. रंगमंचावरील त्यांचे रुंद हसू पाहून, हा माणूस गोऱ्यांना खूश करतो, अशी टीका पुढच्या पिढीतील कृष्णवर्णीय तरुणांनी केली. ही टीका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु १९५७ साली लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळेच्या दारात सैनिकांकरवी अडविण्यात आले, तेव्हा एरवी हसतमुख असणारे हेच आर्मस्ट्राँग संतापून उठले. राज्याच्या गव्हर्नरावर आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांवर त्यांनी वृत्तपत्रांतून उघड टीका केली, आणि सरकारच्या वतीने ठरलेल्या सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाण्याचे नाकारले. पोट ज्या लोकप्रियतेवर चालत होते, ती त्यांनी पणाला लावली. प्रश्न मुलांच्या शाळेचा होता, हे येथे विशेष. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एकत्र वाजविण्यास लुइझियाना राज्याने १९५६ साली कायद्याने बंदी घातली. त्यांच्या वृंदात दोन्ही वर्णांचे वादक असल्याने त्यांनी आपल्या जन्मगावी वाजविणे थांबविले. नवा नागरी हक्क कायदा झाल्यानंतर, १९६५ साली, ते तेथे पुन्हा वाजविण्यास गेले.

औपचारिक शिक्षण लहानपणीच संपलेल्या या माणसाला लिहिण्याची विलक्षण हौस होती. दौऱ्यावर जाताना टंकलेखन यंत्र बरोबर असे. खोलीत बसून ते मित्रांना, चाहत्यांना लांबलचक पत्रे लिहीत. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी बालगृहाला बरीच पाने दिली आहेत. डेव्हिस यांच्या छड्याही त्यात आहेत, आणि कॉर्नेटही.

१९६४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांच्या एका गाण्याने अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत त्या वेळी ऐन भरात असलेल्या बीटल्सना मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला. पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यांच्यासमोर एका वृद्ध गृहस्थांना आणण्यात आले. ते पीटर डेव्हिस होते.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या साध्या घरी आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. ते घर आता संग्रहालय आहे, आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे. बालगृहाच्या वाद्यवृंदाचे त्या काळचे एक छायाचित्रही जपले गेले आहे. गणवेश घातलेली मुले वाद्ये हाती धरून उभी आहेत, शिक्षक डेव्हिस त्यांच्याबरोबर आहेत, आणि मुलांच्या रांगेत लुई आहे.